मे महिन्यातली हार्ड डिस्क
(घरचा पडदा : लेखांक सातवा)

मागच्या आठवड्यात राउटर आणि टीव्ही यांची गाठ घालून झाली. आता प्रश्न साठवणीचा. बाजारात त्यासाठी तयार मिळते ती नॅस, म्हणजे दोन-चार हार्ड डिस्क पोटात घेऊन राउटरला जोडलेली, चोवीस तास चालणारी पेटी. तिच्याविषयीचे बहुतेक सल्ले थंड हवेतल्या किंवा वातानुकूलित घरांना धरून दिलेले असतात. जळगाव, भुसावळ किंवा धुळ्याच्या माणसाने आधी माहितीपत्रकातली एकच ओळ वाचावी. घरगुती नॅस पेट्यांना सहसा भोवतालची हवा ४० अंश सेल्सिअसपर्यंत चालते, असे तिथे लिहिलेले असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांना टेकला तर कुणाला नवल वाटत नाही. स्लॅबखालची खोली रात्री उशिरापर्यंत निवत नाही आणि फिरती डिस्क पेटीच्या आत भोवतालच्या हवेपेक्षा आणखी दहा-पंधरा अंशांनी तापते. म्हणून माझे म्हणणे असे की, खानदेशातल्या घरात डिस्क किती टीबीची घ्यावी याच्या आधी ती दिवसातले किती तास बंद राहील, हे ठरवायला हवे.

यावर जाणकार वाचक एक वजनदार पुरावा पुढे करतील. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. उष्णता आणि डिस्क बिघडणे यांचा संबंध समजला जातो तितका घट्ट नाही, असे त्यात आढळले. तो निष्कर्ष मी मान्य करतो, पण पुरता वाचून. त्या डिस्क थंड राखलेल्या यंत्रशाळांतल्या होत्या, आणि तिथेही तीन-चार वर्षे वापरलेल्या डिस्क ४५ अंशांच्या वर अधिक बिघडताना दिसल्या. आपल्याकडे ४० अंशांच्या खोलीतली डिस्क पंचावन्नाच्या आसपास जाते, शिवाय घरात डिस्क तीन वर्षांनी बदलतो कोण? मोडेपर्यंत ती चालतच राहते. याउलट बंद डिस्कचा हिशेब पाहा. चालू डिस्कची मर्यादा साधारण ६० अंश, तर बंद डिस्क ७० अंशांपर्यंत ठेवता येते, असे उत्पादकच सांगतात. तीच डिस्क, तीच खोली. फिरत नसेल तर मे महिना तिचे काही बिघडवत नाही.

मग हवे तेव्हा गाणे-सिनेमा लावायचा कसा? त्यासाठी घरात साठवायचे काय, ते पाहावे लागेल. मोठे चित्रपट कुठल्या तरी ॲपवर सापडतात. सापडत नाहीत त्या लग्नाच्या कॅसेटी, कानबाईच्या जागरणाचे चित्रण, बाजारात विकल्या गेलेल्या अहिराणी गाण्यांच्या व्हीसीडी. शेजारच्या मालेगावात २००० साली ‘मालेगाव के शोले’ व्हिडिओ कॅमेऱ्यावर तयार झाला. त्या काळातले या भागातले कितीतरी चित्रण असेच टेप आणि चकत्यांवर आहे. अहिराणी गाणी आता यूट्यूबवर आहेत, हे खरेच आणि आनंदाचेही. पण तिथली प्रत दुसऱ्याने चढवलेली असते, तो केव्हाही ती उतरवू शकतो. आणि आपल्या आत्याचे लग्न तर तिथे कधीच नव्हते. आता या सामग्रीची भूक किती ते पाहू. व्हीसीडीला सेकंदाला दीड मेगाबिटपेक्षा जास्त लागत नाही, डीव्हीडीला जास्तीत जास्त दहा. राउटरचे जुने १०० मेगाबिटचे पोर्टही त्याला पुरून उरते. एका टीबीत एकपदरी डीव्हीडी दोनशेहून अधिक मावतात. म्हणजे चार डिस्कच्या पेटीची गरजच नाही. राउटरच्या यूएसबी पोर्टला किंवा रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकाला लावलेली एक डिस्क, दहा-पंधरा मिनिटे कुणी काही मागितले नाही की झोपणारी, एवढे बास. टीव्हीच्या खोक्यावर कोडी हे ॲप टाकले की ते ही डिस्क वाचते आणि जुने फॉरमॅट स्वतःच उलगडते; साठवणीच्या यंत्राला रूपांतराची मेहनत पडत नाही, म्हणून तेही तापत नाही. ही डिस्क खालच्या मजल्यावर, पश्चिमेची भिंत टाळून ठेवावी. कूलरच्या खोलीत चालेल, झोतासमोर नको. आपल्याकडचे पाणी जड, त्याच्या तुषारांतला क्षार सर्किटवर बसतो.

दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारी आरशासारखी जोडी का नको, असा प्रश्न येईल. एक डिस्क मेली तर दुसरी तगते, हे बरोबर. पण त्या दोघी एकाच पेटीत, एकाच उष्णतेत, एकाच प्लगवर असतात. वळवाच्या वादळात रावेर-यावलच्या केळीबागा आडव्या होतात तेव्हा तारांचीही तीच गत होते, आणि परत येणारी वीज कधीकधी जादा दाबाने येते. शिवाय चुकून पुसलेली फाइल आरशातूनही त्याच क्षणी पुसली जाते. अचानक वीज जाण्यावर उपाय साधा आहे: राउटर आणि डिस्क छोट्या यूपीएसवर घ्यावी, आणि डिस्क एक्सएफएटीऐवजी ईएक्सटी४ किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करावी. या दोन पद्धती बदलांची नोंद आधी करतात, त्यामुळे अर्धवट लिहिणे राहिले तरी डिस्क सावरते. फिरता भाग नसलेली एसएसडी टीव्हीजवळ उत्तम. बंद करून कपाटात ठेवायच्या दुसऱ्या प्रतीसाठी मात्र मी ती घेणार नाही. घरगुती एसएसडीचे मानक असे की पुरती वापरून झालेल्या एसएसडीनेही विजेविना, ३० अंशांत, एक वर्ष माहिती धरून ठेवावी. उष्णता वाढली की ही मुदत घटते, आणि आपले कपाट उन्हाळाभर ३० अंशांच्या वरच असते.

राहिला सर्वांत खरा आक्षेप. उन्हाळ्यात डिस्क विसावू द्या म्हणता, पण खानदेशात लग्नसराई आणि आखाजी (अक्षय्य तृतीया) उन्हाळ्यातच येतात. लेकी माहेरी आल्या की जुनी लग्ने पाहायची ती तेव्हाच. म्हणूनच डिस्क पुरती बंद करायला मी सांगत नाही, मागणी झाल्यावर जागी होणारी ठेवायला सांगतो. संध्याकाळचे दोन-तीन तास तिला झेपतात. टेप आणि चकत्यांवरून नकला उतरवण्याचे तासन्‌तासांचे काम मात्र माघ-फाल्गुनातच उरकावे. दुसरी प्रत साध्या हार्ड डिस्कवर काढून आखाजीला आलेल्या लेकीबरोबर सासरी पाठवावी, म्हणजे दोन्ही प्रती एका छपराखाली राहत नाहीत. पुढच्या आखाजीला तिने ती परत आणायची, सकाळच्या गारव्यात वर्षभराची नवी भर तिच्यात घालायची आणि जुन्या चार-दोन फाइली उघडून पाहायच्या.