रबराच्या एका कडीवर उभा सैनिक

जुन्या जी.आय. जो बाहुल्याचा सौदा अनेकदा अशा अवस्थेत होतो : एका प्लास्टिकच्या पिशवीत धड, दोन सुटे पाय, कमरेचा तुकडा आणि गंज चढलेला एक छोटा धातूचा हूक. विकणारा त्याला ‘तुटका’ म्हणतो आणि भाव पाडून देऊन टाकतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा काहीही तुटलेले नसते. पोटातली रबराची कडी, म्हणजे ओ-रिंग, कुजून गेलेली असते आणि तिच्यावर टांगलेले सगळे शरीर सुटे झालेले असते. नवी कडी बसवली की पावणेचार इंचांचा हा सैनिक पुन्हा गुडघ्यावर बसतो, वळतो, नेम धरतो.

अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीने जी.आय. जो पहिल्यांदा 1964 साली बाजारात आणला. कल्पना स्टॅन वेस्टन यांची आणि तिला आकार दिला तो कंपनीच्या डॉन लेव्हाइन यांनी. तेव्हाचा जो बारा इंचांचा होता, अंगात शिवलेले कापडी कपडे घालायचा. लेव्हाइन यांच्याकडे राहिलेला त्याचा मूळ नमुना 2003 साली दोन लाख डॉलरला विकला गेला. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकले, प्लास्टिक महागले आणि हा मोठा जो मागे पडला. दरम्यान केनर कंपनीच्या पावणेचार इंची ‘स्टार वॉर्स’ बाहुल्यांनी दुकाने काबीज केली होती. हॅस्ब्रोने तोच आकार उचलला आणि 1982 मध्ये जो नव्या रूपात परत आला. मात्र केनरच्या बाहुल्यांना मान, खांदे आणि मांड्या एवढेच सांधे होते. जोला कोपरही होते, गुडघेही होते आणि कंबरही वळत होती.

ही हालचाल ज्या रचनेतून येते, ती खेळण्यांच्या इतिहासातली फार हुशारीची रचना आहे. पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, एकच स्क्रू असतो. तो काढला की धडाचे पुढचे आणि मागचे असे दोन भाग होतात. डोके आणि दोन्ही हात अलगद हातात येतात. छातीच्या आत स्क्रूसाठी एक पोकळ खांब असतो, त्याला ओ-रिंग अडकवलेली असते. ती कमरेच्या तुकड्यातल्या भोकातून खाली उतरते आणि तिथे टी आकाराचा धातूचा हूक तिला पकडतो. हुकाची दोन आडवी टोके दोन मांड्यांमध्ये बसतात. रबर ताणलेले असल्यामुळे पाय, कंबर आणि धड एकमेकांवर घट्ट दाबले जातात. कुठेही डिंक नाही. कोपर आणि गुडघ्यांना तेवढे रिव्हेट. 1983 मध्ये दंड गोल फिरू लागला आणि बंदूक दोन्ही हातांनी धरता येऊ लागली. 1985 मध्ये मानेला गोळीचा सांधा मिळाला आणि डोके वरखालीही होऊ लागले.

म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी कारखान्यात ज्या क्रमाने हा सैनिक जोडला गेला, त्याच क्रमाने उलटे जात आज कोणीही तो उघडू शकतो. दुरुस्तीचा सगळा खटाटोप या एका गोष्टीवर उभा आहे. आजची कितीतरी खेळणी उघडायची तर फोडावीच लागतात.

ओ-रिंग का कुजते? ताणलेल्या रबरावर हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन सतत काम करत असतात. रबराच्या लांब साखळ्या हळूहळू तुटतात किंवा एकमेकांत नको तितक्या गुंततात. त्यामुळे एखादी कडी चिकट लगदा होते, तर दुसरी कडक होऊन तडकते. न हाताळलेला, खोक्यात जपलेला बाहुलाही यातून सुटत नाही, कारण आत ताण चालूच असतो. म्हणून जाणते संग्राहक जुना जो हातात आला की आधी त्याचे पाय फिरवून पाहत नाहीत. आधी कडी बदलतात. नवी कडीही योग्य मापाची लागते. ढिली असली तर सैनिक कमरेत लुळा पडतो. फार आखूड असली तर ताण कमरेच्या तुकड्यावर येतो.

आणि कमरेचा तो तुकडा या बाहुल्याचा सर्वांत नाजूक अवयव. दोन मांड्यांच्या मध्ये उतरणारी त्याची पट्टी पातळ असते. कडी फार ताणलेली असेल किंवा मुलाने पाय भलतीकडे ओढला असेल, तर ती कडकन तुटते. दुसरी नेहमीची जखम अंगठ्याची. हात कडक प्लास्टिकचे, पकड लहान आणि बंदुकीची मूठ जाड. मूठ जोराने आत घुसवली की अंगठा गेलाच. ज्या जोचे दोन्ही अंगठे शाबूत आहेत, त्याची किंमत त्यामुळे लगेच चढते.

अशा जखमांवर पहिला आणि चांगला उपाय म्हणजे दुसरा तुटका बाहुला. एकाचा हात, दुसऱ्याची कंबर, असे दोघांतून एक उभा करता येतो. 1982 च्या पहिल्या तुकडीत तर हॅस्ब्रोने खर्च वाचवण्यासाठी तेच हात, तेच पाय, तीच कंबर अनेक सैनिकांना वापरली होती, त्यामुळे त्या काळच्या जोसाठी सुटे भाग मिळणे सोपे जाते. दाता मिळालाच नाही तर इपॉक्सीच्या लगद्यातून अंगठा घडवावा लागतो. आपल्याकडे नळ गळला की वापरतात ते एम-सील याच जातीचे, पण इतक्या बारीक कामाला संयम लागतो : थोडा जास्तीचा अंगठा घडवायचा, घट्ट झाल्यावर बारीक पॉलिश पेपरने उतरवायचा आणि मग रंग जुळवायचा. झटपट चिकटणारा डिंक मात्र सांध्याजवळ नेऊ नये. तो फटीत झिरपतो, कोपर कायमचे गोठवतो आणि आजूबाजूच्या प्लास्टिकवर पांढरी धूळ बसल्यासारखा डाग सोडतो. थिनर आणि अ‍ॅसिटोन तर या प्लास्टिकला विरघळवतातच.

धुण्यासाठी कोमट पाणी, साधा साबण आणि मऊ टूथब्रश पुरेसा आहे. खरखरीत स्पंजने मळाबरोबर भुवया आणि मिशाही निघून जातात.

पांढऱ्या बाहुल्यांचे दुखणे वेगळे. 1984 चा स्टॉर्म शॅडो हा पांढऱ्या पोशाखातला निन्जा आज क्वचितच पांढरा सापडतो. बहुतेकांवर पिवळी झाक असते. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली ठेवले की ती झाक उतरते, हे जुन्या संगणकांच्या हौशी मंडळींनी रूढ केलेले तंत्र आहे. परंतु त्याने रंगवलेली चिन्हे फिकी पडू शकतात, मात्रा चुकली तर पृष्ठभाग खडूसारखा होतो आणि पिवळेपणा काही काळाने परतही येतो. थोडासा पिवळा स्टॉर्म शॅडो तसाच राहू द्यावा, हे अनेक अनुभवी लोकांचे मत पटण्यासारखे आहे.

त्याच्या उलट स्नेक आइज. 1982 मध्ये रंगकामाचा खर्च वाचवायचा म्हणून एक सैनिक पूर्ण काळ्या प्लास्टिकमध्ये, एकही रंगाचा ठिपका न लावता ओतला गेला. लॅरी हामा यांनी मार्वलच्या कॉमिकमध्ये आणि पाकिटामागच्या ओळखपत्रांत त्याला असे काही उभे केले, की तो या मालिकेतला सर्वांत लाडका सैनिक झाला. दुरुस्ती करणाऱ्यालाही तो प्रिय, कारण त्याच्यावर उडायला रंगच नाही.

या सगळ्यात गोव्याचाही हिस्सा आहे. एमआरएफ ही मूळची मद्रासमधली फुगे बनवणारी छोटी कंपनी. तिची सुरुवात 1946 ची. पुढे टायरमध्ये नाव कमावल्यावर तिने हॅस्ब्रोबरोबर 1987 मध्ये फनस्कूल उभी केली आणि फनस्कूलचा कारखाना गोव्यात आला. परवान्यावर, हॅस्ब्रोच्याच साच्यांतून निघालेले जी.आय. जो भारतातल्या दुकानांत विकले जाऊ लागले. अमेरिकेत 1994 मध्ये ही मालिका बंद पडली, तरी इथे जुने साचे फिरतच राहिले. रंगसंगती बदललेली, रंगकाम जरा ओबडधोबड, पण सैनिक तोच आणि पोटातली कडीही तशीच. 2000 च्या आसपास अमेरिकी संग्राहक हे भारतीय जो मागवू लागले. नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्यात वाढलेल्या कित्येकांना वाढदिवसाला मिळालेला तो सैनिक आज परदेशात हौसेने जपला जातो, ही गोष्ट इथे अजून फारशी कुणाला ठाऊक नाही.

असा बाहुला विकत घेताना भुलून चालत नाही. फोटोत हात मुठीपासून स्पष्ट दिसले पाहिजेत. पाठीच्या स्क्रूचे तोंड घासलेले असेल तर तो आधी उघडला गेला आहे असे समजावे. कमरेमागे छापलेले साल हे कॉपीराइटचे साल असते. बाहुला त्याच वर्षी बनला असे त्यातून ठरत नाही. बंदूक, पाठीवरची थैली, शिरस्त्राण यांची चौकशी आधी करावी, कारण हरवलेले हत्यार कधीकधी सैनिकापेक्षा महाग पडते. आणि दुरुस्त केलेला जो पुढे विकायचा असेल तर कोणता भाग बदलला, कुठे नवा रंग लावला, हे सांगितलेच पाहिजे. नवा अंगठा लावणे यात गैर काहीच नाही. तो मूळचा आहे असे भासवणे म्हणजे फसवणूक.

घरच्या माळ्यावर जुन्या खेळण्यांचा डबा असेल, तर भंगारात देण्याआधी तो एकदा उपडा करून पाहा. सुटे हातपाय, कमरेचे तुकडे आणि तो छोटा हूक एका पाकिटात वेगळे काढून ठेवा. नवी ओ-रिंग अजूनही मिळते आणि ती बसवायला एक बारीक स्क्रू ड्रायव्हर पुरतो.