जुनी सतार, नवे पॉलिश आणि विक्रेत्याचे इमान

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा वर्तमानपत्रांतून या गावच्या कारागिरांविषयी पुष्कळ लिहून आले. हत्यारांना धार लावणारे शिकलगार वाद्यांकडे कसे वळले, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये बनवायला कशी सुरुवात केली, आणि पुढे 'सतारमेकर' हे आडनावच कसे रूढ झाले, हा इतिहास पुन्हा एकदा लोकांसमोर आला. आनंदाची गोष्ट आहे. परंतु ही सारी चर्चा नव्या वाद्याची होती. जुन्या वाद्यांच्या खरेदी-विक्रीबद्दल कोणी बोलत नाही, आणि खरा पेच तिथेच आहे.

हा धंदा बऱ्याच अंशी आपल्याच बांधवांच्या हातात आहे. मिरजेत दुरुस्तीला आलेले वाद्य मालकाला परत न्यायचे नसते, तो म्हणतो, "तुम्हीच गिऱ्हाईक बघा." मुंबईत मटण स्ट्रीटवर आणि जुम्म्याच्या पहाटेच्या बाजारात पेट्या, तबले, व्हायोलिन येतात. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी तेच. बँड पार्टीचे मालक लग्नसराई संपली की ट्रम्पेट आणि क्लॅरिओनेट काढून टाकतात. अलीकडे तर मोबाईलवर चार फोटो पाठवून सौदा ठरतो आणि वाद्य ट्रान्सपोर्टने रवाना होते. वाद्यांच्या व्यवसायाबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत हे आम्ही जाणतो. त्याचा निर्णय या पानावर होणार नाही. ज्यांच्या पिढ्यांची रोजी या कामावर चालली आहे, त्यांच्यासाठी देण्या-घेण्याचे नियम काय, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम सतारीकडे पाहू, कारण फसवायला सर्वांत सोपे वाद्य तेच. भीमाकाठच्या मंगळवेढा-पंढरपूर भागातला कडू भोपळा, तुनीची किंवा सागवानाची दांडी, वर लाकडाची तबली. तबली चिकटवली की भोपळा कायमचा बंद होतो. पेटीचे झाकण स्क्रू काढून उघडता येते. सतारीच्या पोटात मात्र कोणालाच डोकावता येत नाही. भोपळ्याला तडा गेला असेल, आतून कीड लागली असेल, भोपळा आणि दांडी यांचा जोड एकदा उखडून पुन्हा सरसाने बसवला असेल, तर ते ठाऊक असते फक्त ज्याने दुरुस्ती केली त्याला. वरून लाकडाचा भुसा आणि सरस भरून, घासून, चपडीच्या लाखेचे दोन हात दिले की तडा डोळ्यांना दिसत नाही. बोटाच्या पेराने टिचकी मारत गेले तर तेवढ्या जागी आवाज बद्द येतो. पण टिचकी कुठे मारायची हे नव्याने शिकणाऱ्या मुलाला कोण सांगणार?

दांडीचेही तसेच आहे. वर्षानुवर्षे तारांचा ताण बसून दांडी पुढे झुकते, तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात, आणि वाजवणाऱ्याची बोटे सोलून निघतात. यावर खरा इलाज म्हणजे दांडी उतरवून सरळ करणे किंवा बदलणे. ते काम वेळखाऊ आणि महाग. खोटा इलाज दहा मिनिटांचा. घोडी खालून घासायची, तारा खाली येतात, गिऱ्हाईक खूश होतो. महिन्याभराने मींड घेताना तार पडद्याला घासून खरखर करू लागते, तेव्हा त्याला कळते. खुंट्यांच्या बाजूने एक डोळा मिटून दांडीच्या रेषेत पाहिले तर वाक लगेच दिसतो. खरेदीला जाणाऱ्याने एवढे तरी करावे. मुख्य तारेखाली पडद्यांना खाचा पडल्या आहेत का, खुंट्या फिरवल्यावर जागेवर थांबतात की सरकतात, हेही पाहावे.

येथे एक हदीस आठवते. दुभते जनावर विकण्याआधी दोन-तीन दिवस त्याचे दूध न काढता कास फुगवून बाजारात आणण्याची चाल अरबस्तानात होती. हजरत मुहम्मद (स.) यांनी ती मना केली. असे जनावर घेणाऱ्याला तीन दिवसांत ते परत करण्याचा हक्क दिला, आणि काढलेल्या दुधाबद्दल एक साअ खजूर सोबत द्यावे असे सांगितले. आमच्या मते विक्रीच्या आदल्या दिवशी जुन्या सतारीवर चढवलेले पॉलिश, नव्या तारा आणि ताजी जवारी यांचा हिशेब याच प्रकारात येऊ शकतो. 'येऊ शकतो' असे मुद्दाम म्हटले. जवारी काढणे, तारा बदलणे हे कारागिराचे हलाल काम आहे, त्याची मजुरी किमतीत धरणे रास्त आहे. पण पॉलिशखाली तडा आहे आणि पॉलिश त्यासाठीच केले आहे, तर ती फुगवलेली कासच झाली.

काही व्यापारी बांधव म्हणतात, "आम्ही खोटे काही बोललो नाही. त्याने विचारले नाही, आम्ही सांगितले नाही." कायद्यापुरते पाहिले तर या युक्तिवादात थोडे बळ आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे. केवळ गप्प राहणे म्हणजे फसवणूक नव्हे, असे त्या कलमाचे स्पष्टीकरण सांगते. बोलण्याचे कर्तव्यच असेल तर गोष्ट वेगळी. पण त्याच कलमात माहीत असलेली गोष्ट क्रियेने झाकणे ही फसवणूक मानली आहे. तडा भरून त्यावर लाख चढवणारा गप्प बसलेला नसतो, तो झाकत असतो. शरीअत तर याहून पुढे जाते. मालातला ऐब माहीत असताना तो न सांगता विकणे मुस्लिमाला जायज नाही, ही शिकवण हदीसमध्ये स्पष्ट आहे. गिऱ्हाइकाने विचारले की नाही याला तिथे जागाच नाही.

तसेच नावाचे. "ही अमक्या कारखान्याची आहे" असे म्हणून सतार दिली आणि ती त्यांची नसेल, तर १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम १५ प्रमाणे वर्णनाशी न जुळणारा माल खरीदार नाकारू शकतो. जुन्या वाद्यांवरच्या नावाच्या पट्ट्या निघू शकतात आणि दुसऱ्या लागू शकतात, हे धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. नामवंत घराची पट्टी दिसली तर विकणाऱ्यानेच सांगावे, "पट्टी आहे, पण वाद्य त्यांचेच आहे याची मला खात्री नाही." हे वाक्य बोलल्याने भाव थोडा उतरेल, हे खरे. उतरू द्यावा.

'जसे आहे तसे' या अटीवर विकणे चालेल का, असा प्रश्न नेहमी येतो. हनफी फिकहमध्ये विक्रेत्याने सर्व ऐबांची जबाबदारी आधीच झटकली आणि खरीदाराने ती अट मान्य केली, तर सौदा पक्का धरला जातो. लिलावातून किंवा भंगारात आलेले वाद्य, ज्याच्याबद्दल विकणाऱ्यालाही काही माहिती नाही, तिथे ही अट उपयोगी आणि न्याय्यही आहे. पण दांडी वाकली आहे हे स्वतः पाहून घेतलेल्या माणसाने या अटीआड लपावे, यात सौदा टिकेल, सचोटी टिकणार नाही. त्यापेक्षा परतीची मुदत द्यावी हे उत्तम. इमाम अबू हनीफा (रह.) यांनी अशा शर्तीच्या मुदतीची मर्यादा तीन दिवस सांगितली आहे, तर त्यांचे शिष्य इमाम अबू यूसुफ व इमाम मुहम्मद (रह.) ठरवून घेतल्यास अधिक दिवसही मान्य करतात. सतारीच्या बाबतीत ही मोठी सोय आहे. नव्या जागेच्या हवेत गेलेले वाद्य पहिल्या दिवशी काहीच सांगत नाही. दोन-तीन दिवस सुरात लावून ठेवले की कमकुवत जोड आणि सरकणारी खुंटी आपोआप बोलू लागतात. ट्रान्सपोर्टने पाठवलेल्या वाद्याची मुदत ते हातात पडल्यापासून मोजायची की पाठवल्यापासून, आणि वाटेत फुटले तर नुकसान कोणाचे, हे मात्र आधीच चिठ्ठीवर लिहून घ्यावे. भांडणे बहुधा इथेच होतात.

आता कारागिरांविषयी थोडे कडू बोलायचे आहे. गिऱ्हाईक वाद्य पसंत करतो आणि ओळखीच्या कारागिराला दाखवायला नेतो. कारागीर वाद्य फिरवून पाहतो, "चांगले आहे, घ्या," म्हणतो. त्याच कारागिराला दुकानदाराकडून कमिशन मिळणार असेल आणि गिऱ्हाइकाला त्याचा पत्ता नसेल, तर ही साक्ष कसली? दलाली हलाल आहे, दोन्हीकडून घेण्याचा रिवाजही काही बाजारांत आहे. पण ज्याने तुमच्यावर विश्वास टाकून सल्ला मागितला, त्याच्यासाठी तुमचे मत ही अमानत आहे. कमिशन घेणार असाल तर सांगून घ्या, नाहीतर मत देऊ नका. यावर एक साधा उपाय सुचवावासा वाटतो. दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकाने वही ठेवावी. वाद्य कोणाचे, तारीख कोणती, भोपळा जोडला की दांडी बदलली, एवढेच लिहावे, आणि त्याची एक नक्कल वाद्याच्या पेटीत ठेवून द्यावी. पुढे ते वाद्य विकायला आले की वही बोलेल. दुरुस्त केलेला भोपळा म्हणजे टाकाऊ भोपळा नव्हे. नीट जोडलेली सतार वर्षानुवर्षे वाजते, आणि कोणी जोडली हे कळले तर तिची किंमत राहते.

हार्मोनियमबद्दल थोडक्यात. पेटीत सर्वांत महागाची वस्तू म्हणजे सूर, आणि 'जर्मन सूर' या दोन शब्दांवर भाव चढतो. गुजरातमधील पालिताण्याचे सूरही चांगले असतात. ते पालिताण्याचे म्हणून विकण्यात कमीपणा नाही. जर्मन संचात पाच-सहा दुसरे सूर मिसळून पूर्ण संच जर्मन म्हणणे मात्र उघड खोटे. झाकण उघडून गिऱ्हाइकाला दाखवावे. पुनःपुन्हा कानस मारून पातळ झालेला सूर लवकर तुटतो, तेही सांगावे. भाता भरून, एकही पट्टी न दाबता किती वेळ तग धरतो ते पाहिले की गळती कळते. बँडच्या पितळी वाद्यांत, मग ती मेरठच्या जली कोठीची असोत की बाहेरची, पोचे आणि झाळलेले जोड दिसण्यासारखेच असतात. फक्त ताज्या निकेलच्या मुलाम्याखाली काय आहे ते विचारून घ्यावे.

आतापर्यंत विकणाऱ्यालाच बोल लावला. घेणाऱ्याचाही हिशेब आहे. घरातला वादक वारला, पत्नीला किंवा मुलांना वाद्यांतले काही कळत नाही, कपाटावर जुनी सतार आणि दोन तंबोरे पडून आहेत. व्यापारी येतो, नाक मुरडतो, "भोपळा गेलाय, लाकडाचा भाव देतो," म्हणतो. बाजाराचा भाव ठाऊक नसलेल्या खेडुतांचे काफिले शहरात पोहोचण्यापूर्वीच वाटेत गाठून माल उचलण्यास हजरत मुहम्मद (स.) यांनी मनाई केली होती, त्याचे कारण हेच. हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांची रिवायत प्रसिद्ध आहे. त्यांच्यासाठी एक घोडा तीनशे दिरहमला ठरवण्यात आला. घोडा त्याहून मोलाचा आहे हे पाहून ते स्वतः मालकाकडे गेले आणि आपणच किंमत वाढवत आठशेपर्यंत नेली. एवढे सर्वांना जमेल असे आम्ही म्हणत नाही. पण समजा, जी सतार दुरुस्त करून तीस हजारांना जाणार आहे आणि जिच्यावर पाच हजार खर्च आहे, ती पंधराशेला उचलताना नफा कशाचा झाला आणि अज्ञानाचा किती घेतला, हे ज्याचे त्याने मोजावे. खरा ऐब असेल तर बोट ठेवून दाखवावा. दुसऱ्या दुकानदारालाही विचारून या, असे त्या बाईंना सांगावे.

चोरीच्या मालाबद्दल तर सवाल-जवाबच नको. वसतिगृहातून गिटार किंवा सतार उचलून दोन हजारांत विकणारी पोरे बाजारात फिरत असतात. मालक नसलेल्याने विकलेल्या वस्तूची मालकी साधारणपणे घेणाऱ्याकडे येत नाही, असे मालविक्री कायद्याचे कलम २७ सांगते. म्हणजे पैसे गेले आणि वाद्यही गेले. शिवाय चोरीचा माल समजून-उमजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. पूर्वी हेच दंड संहितेचे कलम ४११ होते. चोर बाजार या नावामागे मूळ 'शोर' शब्द आहे असे म्हणतात. आपली बिलबुके व्यवस्थित असतील तर ही व्युत्पत्ती लोकांना पटेल. अनोळखी माणसाकडून घेताना ओळखपत्राची नक्कल, सही आणि वाद्याचा एक फोटो ठेवायला पाच मिनिटे लागतात.

शेवटची गोष्ट हस्तिदंताची, कारण यात भले दुकानदारही अडकू शकतात. जुन्या सतारी-तंबोऱ्यांवर हस्तिदंताची वेलबुट्टी असते, घोड्या साबराच्या शिंगाच्या असतात. वस्तू शंभर वर्षांची आहे, म्हणून चालते, असा गैरसमज आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा आणि १९९१ च्या दुरुस्तीने बाहेरून आलेल्या हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. शिंगाच्या बाबतीतही कायदा कडक आहे. असे वाद्य विकत घेण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात जाऊन विचारावे. नवी घोडी बसवायची तर उंटाचे हाड किंवा आबनूस मिळतो, आणि कशाची बसवली ते बिलावर लिहावे.