एका बिटाचा निरोप

स्वतःचा शेल लिहायला बसलेली मुलं ‘किल’ कमांड बहुतेक शेवटी ठेवतात. सोपी वाटते म्हणून, आणि ती सोपी असतेही. कोणता सिग्नल आणि कोणत्या प्रोसेसला, एवढंच वाचायचं, दोन्हींचे आकडे करायचे आणि त्याच नावाच्या सिस्टिम कॉलकडे सोपवायचे. ६४ बिटी इंटेल यंत्रांवरच्या लिनक्समध्ये त्या कॉलचा क्रमांक ६२. पन्नासेक ओळींत काम उरकतं. नाव भयंकर असलं तरी ती दरवेळी मारतेच असं नाही; या यंत्रांवर १८ नंबरचा सिग्नल थांबलेल्या प्रोसेसला पुन्हा चालू करतो.

या पन्नास ओळी ज्या आकड्यांशी खेळतात ते मात्र पाहण्यासारखे आहेत.

आधी निरोप. लिनक्समध्ये सिग्नल ६४ आहेत आणि कोणते येऊन पडलेत याची नोंद ६४ बिटांत मावते. पंधरावा सिग्नल आला की पंधरावा बिट १ होतो. अशा ६४ बिटांच्या जुळण्या होतात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, पुढच्या घरात दुप्पट, असं करत गेल्यावर जितके दाणे लागतात त्याहून बरोबर एक जास्त. पण बिट मोजत नाही. प्रोसेसने १५ नंबरचा सिग्नल अडवून ठेवला असेल आणि तुम्ही तो दहा लाख वेळा पाठवलात, तर अडसर निघाल्यावर तिला एकदाच मिळतो. उरलेले नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव कुठेच नसतात. रांग लावून मोजणारे सिग्नल ३१ नंतरचे. त्यातले ३२ आणि ३३ सी भाषेची नेहमीची लायब्ररी स्वतःसाठी राखून ठेवते, म्हणून ‘किल -एल’ची यादी ३१ वरून थेट ३४ वर उडी मारते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला छपाईची चूक वाटते.

१९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये एवढीही चैन नव्हती. तेव्हा अख्ख्या यंत्रावर मिळून प्रोसेस ५०, आणि प्रत्येकीच्या वाट्याला आलेल्या सिग्नलसाठी एकच बाइट. नवा सिग्नल आला की जुना पुसला जाई. अपवाद ९ चा, म्हणजे हटकून मारणाऱ्या सिग्नलचा. तो एकदा पडला की त्याच्यावर दुसरं काही लिहायचं नाही, एवढी एक अट त्या कोडात घातलेली होती. इतक्या कमी जागेत इतकं पक्कं काम करणाऱ्यांचं मला अजूनही कौतुक वाटतं.

आता पत्ता. लिनक्सवर पीआयडीची, म्हणजे प्रोसेसच्या नंबराची, मर्यादा वर्षानुवर्षं ३२,७६८ होती. ६४ बिटी यंत्रांवर ती ४१,९४,३०४ पर्यंत नेता येते. मर्यादा गाठली की मोजणी पुन्हा खालून सुरू होते आणि मोकळे नंबर नव्यांना मिळतात. सर्व्हर सेकंदाला हजार छोट्या प्रोसेस काढतोय असं धरा. जुन्या मर्यादेत सगळे नंबर ३३ सेकंदांत फिरून येतात, नव्या मर्यादेत साधारण ७० मिनिटांत. म्हणजे यादीतून नंबर पाहिला, चहा आणायला गेलात आणि परत येऊन ‘किल’ दिलंत, तर मधल्या काळात त्या नंबरावर दुसरंच कोणीतरी राहायला आलेलं असू शकतं. याचा इलाज लिनक्समध्ये २०१९ साली आला: नंबराऐवजी त्या विशिष्ट प्रोसेसलाच धरून ठेवणारा फाइल डिस्क्रिप्टर. युनिक्सच्या जन्मानंतर पन्नास वर्षांनी!

‘किल’ शेलच्या आत का लिहायची, याचंही उत्तर हिशेबातच आहे. सिस्टिम कॉलला एक मायक्रोसेकंद धरा, बाहेरचा प्रोग्रॅम उभा करायला एक मिलिसेकंद. ४१,९४,३०४ प्रोसेसना एकेक करून सिग्नल द्यायचा तर आतल्या कमांडने चार सेकंद, बाहेरच्या प्रोग्रॅमने पुन्हा तीच ७० मिनिटं. आणि तेही बाहेरचा प्रोग्रॅम उभा राहिला तर! फोर्क बॉम्बमध्ये प्रत्येक प्रोसेस स्वतःची प्रत काढते. एकापासून ३२,७६८ व्हायला १५ दुपटी पुरतात, ४१,९४,३०४ व्हायला २२. जागा संपली की ‘किल’साठीही नवी प्रोसेस मिळत नाही. तेव्हा कामाला येते ती शेलच्या पोटातलीच. तिथेही जाणकार आधी ९ देत नाहीत. एक मेली की मोकळ्या जागेत दुसरी जन्मते. म्हणून आधी थांबवणारा सिग्नल सगळ्यांना, मग ९.

खरी मेख उण्या आकड्यांत आहे. पीआयडीच्या जागी शून्य दिलं तर सिग्नल स्वतःच्या संपूर्ण गटाला जातो. उणे ४३२१ म्हणजे ४३२१ नंबरचा गट. उणे एक म्हणजे ज्यांना सिग्नल द्यायची तुम्हाला परवानगी आहे ते सगळे. ‘किल -१ ९’ ही नवव्या प्रोसेसला दिलेली साधी सूचना. ‘किल -९ -१’ हा रूटच्या हातात सर्वनाश. एका कमांडमध्ये -१ हा सिग्नल, दुसरीत तोच पत्ता. म्हणून पन्नासातल्या चाळीस ओळी फक्त नीट वाचण्यात जातात. अंकांऐवजी अक्षरं आली आणि आकडा करणाऱ्या फंक्शनने मुकाट्याने शून्य दिलं, तर शेल स्वतःच्याच गटावर उलटतो. ‘-१२३४’ वाचताना पहिल्या अंकावर थांबलेला पार्सर काय करेल, ते सांगायला नको.

लिनक्स उणे एकमधून दोघांना वगळतो: पीआयडी १ ला आणि सिग्नल पाठवणाऱ्याला. बाहेरच्या प्रोग्रॅमने ‘किल -९ -१’ दिलं तर पाठवणारा तो प्रोग्रॅम, म्हणजे शेलही जातो. शेलच्या आतली ‘किल’ असेल तर पाठवणारा शेलच, म्हणून त्या फटक्यातून तो वाचतो. तुम्ही मात्र एसएसएचवरून आला असाल तर पलीकडचा एसएसएच गेलेला असतो, आणि वाचलेल्या शेलचा प्रॉम्प्ट तुमच्यापर्यंत काही येत नाही.