बोलता शब्द आणि तो टिपणारा कान : स्थळध्वनिमुद्रकाचे काम

प्रास्ताविक

दूरचित्रवाणीसाठी संवाद कसा लिहावा, निवेदन किती लांबीचे असावे, हे कागदावरच्या शब्दाचे प्रश्न आहेत. या घटकात आपण कागदावर येण्याआधीच्या शब्दाकडे वळणार आहोत. माणूस जिथे बोलतो तिथेच, तो बोलत असतानाच, त्याचा शब्द टिपून घेणारी एक व्यक्ती चित्रीकरणाच्या चमूत असते. व्यवसायात तिला लोकेशन साउंड रेकॉर्डिस्ट म्हणतात. आपण तिला स्थळध्वनिमुद्रक म्हणू. हा तर तंत्रज्ञाचा व्यवसाय, मराठीच्या अभ्यासक्रमात त्याचे काय काम, असा प्रश्न तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. बीड जिल्ह्यातील काही उदाहरणे समोर ठेवून त्याचे उत्तर शोधू.

अंबाजोगाई हे या जिल्ह्यातील गाव मराठीच्या विद्यार्थ्याला अनोळखी नाही. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी येथे दाखवली जाते. संत दासोपंतांची पासोडीही येथेच जपून ठेवलेली आहे. सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर दासोपंतांनी पंचीकरणाचा विषय लिहिला. कापड टिकले, म्हणून शब्दही टिकले. त्या काळापासून आजच्या आपल्या आजी-पणजीपर्यंत बायका पहाटे जात्यावर ओव्या म्हणत आल्या. त्यांच्या शब्दाला कापड मिळाले नाही, कागदही फारसा मिळाला नाही. तो शब्द टिकायचा असेल तर कोणीतरी मायक्रोफोन घेऊन त्यांच्या ओसरीवर जाऊन बसणे आवश्यक होते.

आवाज येणे आणि शब्द येणे

प्रथम एक भेद लक्षात घेऊ. आवाज मुद्रित होणे आणि शब्द मुद्रित होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आज प्रत्येकाच्या खिशातील मोबाईल आवाज मुद्रित करतो. परंतु मराठीतील स्वर आणि व्यंजने यांची ताकद सारखी नसते. स्वर बलवान असतात, दूरवर पोहोचतात. क, त, प, स, श, ख यांसारखी अघोष व्यंजने क्षीण असतात आणि त्यांची ओळख बरीचशी उच्च कंप्रतेच्या भागात असते. वारा, अंतर किंवा यंत्राची घरघर आडवी आली की प्रथम तीच हरवतात. बोलणाऱ्याचा सूर ऐकू येतो, बोलणे मात्र कळत नाही.

मराठवाड्याच्या बोलीत ‘कधी’ला ‘कव्हा’ आणि ‘तेव्हा’ला ‘तव्हा’ म्हणतात. एखादी ऊसतोड कामगार स्त्री मुलाखतीत म्हणते, ‘पैसे कव्हा दिले?’ अर्थ असा, की दिलेच नाहीत. शेजारच्या शेतातील मोटार चालू असेल आणि मायक्रोफोन चार हात दूर असेल, तर तो आरंभीचा ‘क’ बुडतो. मुंबईतील संकलकाला ‘तव्हा दिले’ असे ऐकू येते, आणि तक्रारीची पावती होऊन बसते. वाक्याचा सूर थोडी मदत करतो, हे खरे. पण ज्याच्या कानाला ही बोली सवयीची नाही, त्याला तीही मदत होत नाही. एका व्यंजनाने साक्ष उलटते. स्थळध्वनिमुद्रकाचे सारे काम या एका व्यंजनासाठी असते, असे म्हटले तरी चालेल.

आता साधनांचा परिचय करून घेऊ. मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे सहा डेसिबलने घटते. आजूबाजूचा गलबला मात्र तेवढाच राहतो. म्हणून मायक्रोफोन तोंडाजवळ नेणे हा पहिला नियम. तो कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून लांब काठीवर बसवून चौकटीच्या वरून खाली रोखतात. या काठीला बूम म्हणतात. ती तासन्‌तास डोक्यावर धरून, बोलणारा मान वळवील तशी वळवीत राहणे हे कष्टाचे आणि कौशल्याचे काम आहे. दुसरा उपाय कपड्याला लावायचा कॉलर माईक. शहरी पुरुषाच्या सदऱ्यावर तो मुकाट बसतो. नऊवारी नेसलेल्या बाईच्या बाबतीत मात्र पदर त्यावर घासतो, मंगळसूत्राचे मणी आपटतात, हात हलला की काकणे वाजतात. काकणे काढा असे सांगणे अशोभनीय, आणि कित्येकींना ते अशुभही वाटते. अशा वेळी कॉलर माईकचा मोह सोडून बूमवर विसंबणे, हाच माझ्या मते योग्य मार्ग. माईक लावायचाच झाला तर तो तिने स्वतः, घरातल्या दुसऱ्या बाईच्या मदतीने लावावा. आपण केवळ जागा सांगावी.

बालाघाटच्या माथ्यावर वारा फार. त्यासाठी मायक्रोफोनवर दाट केसाळ आवरण चढवतात. पत्र्याच्या घरात प्रतिध्वनी येतो. तिथे गोधड्या, पोती, धान्याच्या थैल्या कामी येतात. पंखा बंद करावा लागतो, आणि बीडचा उन्हाळा पाहता ही विनंती लहान नाही. भारनियमनाने गावाला कितीही छळले असले, तरी वीज गेल्यावर गावात जी शांतता पसरते तिची ध्वनिमुद्रक मनातून वाट पाहत असतो. या अडचणीला जुनी परंपराही आहे. १९३१ च्या ‘आलम आरा’चे चित्रीकरण बरेचसे रात्री करावे लागले, कारण स्टुडिओजवळून रेल्वे जात असे.

ध्वनी कॅमेऱ्यात न नोंदवता वेगळ्या रेकॉर्डरवर नोंदवतात; सेकंदाला ४८,००० नमुने हे चित्रपट-दूरचित्रवाणीतील प्रचलित मान. सुरुवातीला क्लॅप मारतात, तो चित्र व ध्वनी पुढे जुळवण्यासाठी. आवाजाची पातळी मुद्दाम थोडी खाली ठेवतात, कारण बोलणारा एकदम ओरडला किंवा हुंदका फुटला तर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. प्रत्येक जागा सोडण्यापूर्वी सर्वांना स्तब्ध उभे करून अर्धा-एक मिनिट केवळ तेथील शांतता मुद्रित करतात. याला रूम टोन म्हणतात. दोन वाक्यांमधले तुकडे कापल्यावर जी पोकळी पडते ती त्याच जागेच्या शांततेने भरावी लागते; दुसऱ्या गावची शांतता चालत नाही. दिवसभर दमलेला चमू या अर्ध्या मिनिटाला नेहमी कुरकुर करतो.

जात्याजवळचा मायक्रोफोन

गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातील आपल्या संस्थेमार्फत महाराष्ट्रातील गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. ही संख्या एक लाखाहून अधिक आहे. आरंभी त्या लिहून घेतल्या गेल्या. पुढे संगणक आणि संगीत या दोहोंचे अभ्यासक बेर्नार बेल या कामात आले, आणि ओव्यांच्या ध्वनिमुद्रणाचा शंभर तासांहून मोठा संग्रह उभा राहिला. त्यात बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगर वस्तीतील स्त्रियांचे १९९६ मधील ध्वनिमुद्रण आहे. बाबासाहेब आंबेडकरांविषयीच्या ओव्या त्यांनी त्यात गायिल्या आहेत. २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेने हा संग्रह लोकांसमोर आणण्यास सुरुवात केली, आणि काही गावांत पुन्हा जाऊन चित्रफितीही तयार केल्या.

ओवी लिहून घेतली तर शब्द मिळतात. मग ध्वनिमुद्रण कशासाठी? लिहिताना ओवी साडेतीन किंवा चार चरणांत मांडली जाते आणि सुबक दिसते. गाताना मात्र बाई शब्द तोडते, अर्धा चरण पुन्हा घेते, मध्ये ‘बाई’, ‘गं’, ‘सांगते’ अशी भर घालते, श्वास संपला की थांबते. दुसरी बाई तिचे वाक्य उचलते. ही सारी रचना लिहिणाऱ्याच्या हातून गळून जाते, कारण लिहिणारा नकळत ओवी नीट करीत असतो. अभ्यासकाला छंदाविषयी काही म्हणायचे असेल, तर त्याने छापील पान बाजूला ठेवून ध्वनिफीत ऐकणे भाग आहे.

येथे ध्वनिमुद्रकापुढे एक खरा पेच उभा राहतो. जाते फिरू लागले की त्याच्या घरघरीत शब्द बुडतात. जाते थांबवून नुसते गायला सांगितले, तर हाताची लय जाते, आणि लय गेली की पुढची ओवी आठवत नाही असे बायका सांगतात. ओवी स्मरणात राहते तीच मुळी खांद्याच्या हालचालीसह. मार्ग मधला असतो. जात्याखाली पोते घालावे, मूठभरच दाणे घालून जाते सावकाश फिरवावे, आणि मायक्रोफोन जात्याकडे पाठ करून गाणारीच्या तोंडाकडे रोखावा. घरघर राहतेच, राहू द्यावी; तिला शब्दाच्या मागे ठेवले म्हणजे झाले. घरघर पूर्ण पुसून ओवी ‘स्वच्छ’ करणारे ध्वनिमुद्रण मला ओवीचे वाटत नाही.

ऐकू आलेले सारेच टिपायचे नसते

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो मजूर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. २०१९ साली या जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचे उघड झाले आणि राज्य शासनाने चौकशी समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाली होती. साहजिकच कॅमेरे गावांत पोहोचले.

वृत्तवाहिनीच्या चमूत बहुधा बातमीदार आणि कॅमेरामन एवढेच असतात. स्वतंत्र ध्वनिमुद्रक परवडत नाही. हातातला माईक तोंडापुढे धरला जातो, भोवती गर्दी जमते, आणि जी गोष्ट बाईने कदाचित सासूलाही पूर्ण सांगितलेली नसते ती चौकात सांगावी लागते. माहितीपटाच्या चमूत ध्वनिमुद्रक असतो तेव्हा त्याला ‘इथे आवाज नीट येणार नाही, आत बसू या’ असे म्हणता येते. हे कारण तांत्रिक असते. त्याने गर्दी दूर होते आणि बाईची लाजही राखली जाते.

पण त्याच्या हेडफोनमध्ये एक धोकाही असतो. मुलाखत संपते, कॅमेरा खाली ठेवला जातो, कॉलर माईक मात्र चालूच असतो. बाई आत जाऊन शेजारणीला हळूच सांगते, की मुकादमाचे नाव मी घेतले नाही. हे केवळ ध्वनिमुद्रकाला ऐकू येते. माहितीपटाच्या दृष्टीने ते वाक्य सोन्याचे असेल. तिच्या दृष्टीने त्यात पुढच्या हंगामाची उचल अडकलेली असते. म्हणून मुलाखत संपताच आधी माईक काढायचा, मग तार गुंडाळायची; आणि नकळत काही मुद्रित झालेच, तर ते तिला सांगायचे. हा नियम कोणत्याही यंत्राच्या माहितीपुस्तिकेत नसतो.

बोली कळण्याचा प्रश्नही येथे पुन्हा येतो. ऊसतोडीच्या भाषेत ‘कोयता’ म्हणजे नवराबायकोची जोडी, ‘खाडा’ म्हणजे कामाचा बुडालेला दिवस आणि त्यापोटी होणारी कपात. ‘टोळीत दहा कोयते’ या शब्दांचे भाषांतर दहा हत्यारे असे झाले, तर वीस माणसे गायब होतात. ध्वनिमुद्रक प्रत्येक मुद्रणाची नोंदवही ठेवतो. तीत असे शब्द, त्यांचे अर्थ, कोणते वाक्य कोणत्या गोंगाटात गेले हे लिहिणारा ध्वनिमुद्रक संकलकाचे आणि उपशीर्षके लिहिणाऱ्याचे मोठे काम वाचवतो. मराठीच्या पदवीधराला या क्षेत्रात शिरण्यासाठी ही एक वाट आहे, हे ध्यानात असू द्या.

जागेवरचा आवाज की स्टुडिओतला?

भारतीय कथापटात दीर्घकाळ जागेवरचा आवाज केवळ संदर्भापुरता घेत. नट नंतर स्टुडिओत येऊन संवाद पुन्हा बोलत. स्टुडिओत उच्चार सुधारतात आणि बोली पुसट होते. गावातून निवडलेल्या अभिनेत्याला तर काचेच्या खोलीत तोच राग, तीच धाप पुन्हा आणणे कठीण जाते. २००१ च्या ‘लगान’ने कच्छमध्ये जागेवरच ध्वनिमुद्रण केले, तेव्हापासून या पद्धतीला पुन्हा मान मिळू लागला. मराठीत भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’ या मेंढपाळ कुटुंबावरील चित्रपटाचे उदाहरण महत्त्वाचे आहे. या चित्रपटासाठी महावीर सब्बनवाल यांना २०१४ या वर्षाचा सर्वोत्कृष्ट स्थळध्वनिमुद्रकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मेंढरे, माळरान, वारा आणि नगरी बोली यांच्यात संवाद सांभाळणे म्हणजे काय, हे वरील विवेचनानंतर तुमच्या ध्यानात येईल.

या कामाचे पद्धतशीर शिक्षण पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये मिळते. अनेक जण मात्र बूम धरणारा सहायक म्हणून सुरुवात करून शिकतात. काम सलग नसते, दिवसाच्या हिशेबाने मिळते, आणि निर्मितीचा खर्च कमी करायचा झाला की पहिली कात्री बहुधा ध्वनीला लागते.

उपक्रम

घरातील किंवा शेजारच्या एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीची परवानगी घेऊन तिचे पाच मिनिटांचे बोलणे मोबाईलवर मुद्रित करा. परवानगी तिच्याच आवाजात मुद्रणाच्या आरंभी घ्या. निम्मे बोलणे मोबाईल हातभर अंतरावर ठेवून, निम्मे खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून टिपा. शेवटी अर्धा मिनिट कोणी काही न बोलता खोलीची शांतता घ्या. नंतर ऐकलेले जसेच्या तसे लिहून काढा. ‘कव्हा’चे ‘केव्हा’ करू नका. जिथे शब्द कळला नाही तिथे अंदाज न करता रिकामी जागा सोडा. दोन्ही भागांतील रिकाम्या जागा मोजा आणि त्या कोणत्या व्यंजनांवर पडल्या ते पाहा. लिहिलेले त्या व्यक्तीला वाचून दाखवा आणि तिने सांगितलेल्या दुरुस्त्या वेगळ्या शाईने नोंदवा.