पडक्या घरांतील भाडेकरूचे हक्क

वैशाख सरतां सरतां पुण्याच्या जुन्या पेठांतून दरवर्षीं एक दृश्य दिसतें. मातीच्या भिंतींच्या नि लाकडी खांबांच्या एखाद्या वाड्यावर धोकादायक इमारत म्हणून महापालिकेची नोटीस लागते, आणि दोन-तीन पिढ्या तेथें नांदलेल्या बिऱ्हाडांपुढें पेंच उभा राहतो : राहावें तर जिवाला धोका, निघावें तर हक्क बुडण्याची भीति. या दुसऱ्या भीतीपायींच माणसें तुळईला टेकू लावून पावसाळा काढतात. ती भीति कितपत खरी आहे, हें कायद्यावरूनच पाहणें इष्ट.

प्रथम दुरुस्तीचा विचार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या चौदाव्या कलमान्वयें, विरुद्ध करार नसल्यास, घर राहण्याजोगें ठेवण्याचें बंधन मालकावर आहे. त्यानें हयगय केल्यास भाडेकरूनें किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी. तरीहि वाजवी मुदतींत काम न झाल्यास स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यांतून वळता करून घ्यावा. मात्र ही वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक होतां कामा नये. महिना शंभर रुपये भाडें असेल तर वर्षाकाठीं तीनशेंच रुपये वळते होतात. तेवढ्यांत एक तुळईहि बदलत नाहीं. हक्क खरा, पण तोकडा.

आणि घरच नाहींसें झालें तर? १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून नदीकाठच्या पेठांतील शेंकडों बिऱ्हाडें उघड्यावर पडलीं. अशा प्रसंगीं मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मध्यें तरतूद आहे : पुरानें वा आगीनें घर कायमचें निरुपयोगी झाल्यास, करारांत अन्यथा नसेल तर, भाडेपट्टा रद्द समजण्याची मुभा भाडेकरूस आहे, मालकास नव्हे. पुढें २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, महापालिकेनें इमारत पाडली तरी तेवढ्यानें भाडेकरूपण संपत नाहीं. कारण भाड्यानें घेतलेल्या जागेंत भिंतींबरोबर खालची जमीनहि येते.

सारांश, नोटिशीवरून घर सोडणें म्हणजे हक्क सोडणें नव्हे. मात्र तो पुढें सिद्ध करावा लागतो. म्हणून भाड्याच्या पावत्या, नोटिशीची प्रत व खोल्यांचीं मापें जवळ ठेवून, आणि मालकास तसें लेखी कळवून मगच बाहेर पडावें. अकरा महिन्यांच्या परवाना-करारानें राहणारा मात्र कायद्याच्या दृष्टीनें भाडेकरू नव्हे. त्यास भाडे नियंत्रणाचें हें संरक्षण नाहीं, त्यानें सही करण्यापूर्वींच दुरुस्तीचें कलम करारांत घालून घ्यावें.

पावसाळा कोर्टाच्या तारखेसाठीं थांबत नाहीं. कागद जपलेला असला, तर घर वेळीं सोडण्यांत नुकसान नाहीं.