कोणत्या आळीत कोणते जनुक?

संगणकाच्या पडद्यावर उंदराच्या मेंदूचा एक काप उघडला आहे. मुळात तो वहीच्या कागदापेक्षाही पातळ, २५ मायक्रॉन जाडीचा. जवळजवळ सगळा फिकट, कोरा. फक्त तळाकडे, मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना जांभळ्या ठिपक्यांची चिमूटभर रांगोळी सांडल्यासारखी दिसते. ओरेक्सिन नावाचा रेणू बनवणाऱ्या जनुकाच्या या खुणा आहेत. अख्ख्या मेंदूत हे जनुक हायपोथॅलॅमसच्या एवढ्याशा पट्ट्यातच जागे असते, बाकी सगळीकडे गप्प.

हे चित्र मी पुन्हा पुन्हा काढून पाहते, कारण त्या चिमूटभर ठिपक्यांवर माणसाचे अख्खे आयुष्य कसे तोललेले आहे ते आता आपल्याला ठाऊक आहे. ओरेक्सिनचा शोध १९९८ मध्ये दोन गटांना स्वतंत्रपणे लागला. दोनच वर्षांनी, नार्कोलेप्सी असलेल्या माणसांच्या मृत्यूनंतर त्यांचे मेंदू तपासले गेले. नार्कोलेप्सी म्हणजे बोलता बोलता झोप अनावर होणे, मनापासून हसू आले की गुडघ्यातले बळच जाणे. त्या मेंदूंमधल्या ओरेक्सिनच्या बहुतेक पेशी नाहीशा झालेल्या होत्या. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. त्यांतल्या या पेशी लाखभरही नाहीत. तेवढ्या गेल्या आणि जागेपणाची घडीच विस्कटली. पुढे ओरेक्सिनचा परिणाम रोखणारी निद्रानाशावरची औषधेही याच माहितीतून निघाली.

शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत जनुकांचा संच एकच असतो. प्रथिने बनवणारी जनुके सुमारे वीस हजार. डोळ्यातली पेशी आणि यकृतातली पेशी वेगळ्या वागतात, कारण त्यांच्यात वेगवेगळी जनुके चालू असतात. जनुक चालू झाले की त्याची आरएनएच्या रूपात नक्कल निघते आणि त्या नकलेवरून प्रथिन बनते. म्हणून कोणत्या पेशीत कोणत्या नकला आहेत हे कळले, की ती पेशी कोणत्या कामाला लागली आहे याचा अंदाज बांधता येतो.

मेंदूच्या बाबतीत ही मोजणी अख्ख्या अवयवभर, एकेका जनुकासाठी करायची, असा घाट सिएटलमधल्या ॲलन इन्स्टिट्यूट फॉर ब्रेन सायन्सने घातला. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांनी १० कोटी डॉलर देऊन २००३ मध्ये ही संस्था उभी केली. काम उंदरापासून सुरू झाले. सगळे उंदीर एकाच वंशाचे, सगळे नर, सगळे ५६ दिवसांचे, म्हणजे दोन कापांत फरक दिसलाच तर तो जनुकाचा असणार, उंदराचा नव्हे. अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा मेंदू गोठवायचा, त्याचे काप करायचे आणि एकेका कापावर एकेका जनुकाची नक्कल शोधायची.

शोधण्याची ही रीत १९६९ मध्ये जोसेफ गॉल आणि मेरी लू पार्ड्यू यांनी दाखवून दिली होती. हव्या त्या नकलेला नेमका जुळणारा आरएनएचा तुकडा प्रयोगशाळेत बनवायचा आणि कापावर सोडायचा. जोडी सापडली की तो तिथेच चिकटतो. पण चिकटलेला तुकडा डोळ्याला दिसावा कसा? त्यासाठी त्याला डिजॉक्सिजेनिन नावाच्या रेणूची खूण बांधतात. हा रेणू फॉक्सग्लोव्ह या फुलझाडाच्या कुळातून येतो. प्राण्यांच्या शरीरात तो नसतोच, त्यामुळे त्याला धरणारे प्रतिपिंड भलत्या ठिकाणी जाऊन बसत नाही. मग त्या प्रतिपिंडाला जोडलेल्या विकराकडून जांभळा रंग उमटवून घ्यायचा. एका रानफुलाने मेंदूतल्या जनुकांना रंग देण्याच्या कामी यावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

सुमारे वीस हजार जनुकांचे हे काम २००६ मध्ये पुरे झाले आणि जानेवारी २००७ च्या ‘नेचर’मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला. तपासलेल्या जनुकांपैकी सुमारे ८० टक्के जनुके मेंदूत कुठे ना कुठे चालू होती. आणि सुमारे ७० टक्के जनुके अशी, की ती मेंदूतल्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी पेशींत बोलत होती. म्हणजे मेंदूत काम खूप, पण बहुतेक कामे आपापल्या आळीपुरती. सगळी चित्रे पहिल्यापासून इंटरनेटवर विनामूल्य ठेवली गेली. प्रयोगशाळेत स्वतःचा एकही उंदीर नसलेल्या विद्यार्थ्यालाही ती पाहता येतात. माझ्या मते या प्रकल्पाचे सर्वांत मोठे देणे हेच.

पण या आळ्या मुळात आखतो कोण? याचे एक सुंदर उत्तर मुंबईतून आले. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शुभा टोळे यांच्या गटाने सहकाऱ्यांसह २००८ मध्ये ‘सायन्स’मध्ये दाखवले, की उंदराच्या गर्भात मेंदू घडत असताना एलएचएक्स-२ हे जनुक पेशींना ‘तू कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूची वरची साल, हो’ असे सांगते. काही ठिगळांपुरते हे जनुक काढून टाकले, तर तिथल्या पेशी वेगळीच वाट धरतात आणि शेजारच्या पेशींना हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मृतीशी निगडित भाग, बनायला लावतात. एकाच मेंदूत नको तिथे जादा हिप्पोकॅम्पस उगवतात.

माणसाच्या मेंदूत कुठे कोणती जनुके चालू असतात याचा असाच नकाशा २०१२ मध्ये आला. त्यात कॉर्टेक्सने, ज्या सुरकुतलेल्या सालीचा आपल्याला एवढा अभिमान असतो तिने, एक गंमत दाखवली. तिथे जनुकांची वागणूक हळूहळू बदलते. दोन भाग जितके जवळ, तितकी त्यांची बोली सारखी. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात ना, तसेच. सावंतवाडीहून निघून कोल्हापूरला पोहोचेपर्यंत बोली नेमकी कुठे बदलली ते सांगता येत नाही. हायपोथॅलॅमस, मध्यमेंदू आणि मेंदूचा देठ यांची तऱ्हा निराळी. तिथे जुन्या पेठेसारखी दाट वस्ती असते. तांबट आळीतून पलीकडे वळले की धंदाच बदलतो.

२०२३ मध्ये हे चित्र आणखी ठळक झाले. आता एकेका पेशीतल्या हजारो जनुकांच्या नकला एकदम मोजता येतात, आणि शेकडो जनुके एकाच कापावर जागच्या जागी पाहता येतात. या तंत्रांनी उंदराच्या मेंदूत पेशींचे ५,३०० हून अधिक गट वेगळे केले. माणसाच्या मेंदूतल्या सुमारे शंभर जागांवरून घेतलेल्या ३० लाखांहून अधिक पेशीकेंद्रकांतून ३,३०० हून अधिक उपगट निघाले. चेतापेशींची खरी विविधता सालीत नव्हे, तर खालच्या, उत्क्रांतीत जुन्या असलेल्या भागांत दिसली. भूक, तहान, झोप, श्वास, भीती यांचा कारभार तिथूनच चालतो. विचार करणारा तो मेंदू आणि बाकीचे नुसते यंत्र, ही आपली समजूत यापुढे सोडायला हवी.

उंदरावरून माणसाचे सगळे कळत नाही, हेही याच नकाशांनी सांगितले. २०१९ मध्ये माणसाच्या आणि उंदराच्या कॉर्टेक्समधल्या पेशी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या गेल्या. पेशींचे प्रकार बव्हंशी जुळले, पण सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाचे ग्राहक रेणू कोणत्या पेशीत असतात यात मोठा फरक निघाला. नैराश्यावरची कितीतरी औषधे सेरोटोनिनशीच खेळतात. त्यामुळे उंदरात गुण आलेले औषध माणसात का फसते, याचे एक कारण इथे असू शकते.

म्हणजे माणसाचेच मेंदू हवेत. आणि इथे हिशेब फार तोकडा आहे. २०१२ च्या त्या नकाशामागे, पुढे भर पडून, एकूण सहा दाते आहेत. पाच पुरुष, एक स्त्री. सगळे अमेरिकेतले. त्यांच्या माहितीवर जगभरातले संशोधक आजही निष्कर्ष काढतात. त्या सहा कुटुंबांचे ऋण मोठेच, पण सहा मेंदू म्हणजे मानवजात नव्हे.

महाराष्ट्रात नेत्रदान आणि देहदान आता घरोघरी माहीत आहे. मेंदूदान मात्र नाही. वैद्यकीय महाविद्यालयाला दिलेला देह शरीररचना शिकवायला उपयोगी पडतो. पण मृत्यूनंतर आरएनएची नासाडी सुरू होते, त्यामुळे जनुकांच्या अभ्यासासाठी मेंदू ठरावीक तासांत, वेगळा जतन करावा लागतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांवरच्या संस्थेत १९९५ पासून मानवी मेंदूच्या ऊतींची पेढी आहे. मेंदू द्यावा की नाही हे त्या घाईत, रडत्या घरात ठरवता येत नाही. पार्किन्सन्स, स्मृतिभ्रंश किंवा असाच दुसरा आजार घरात पाहिलेला असेल, तर आपल्या न्यूरॉलॉजिस्टना पुढच्या भेटीत मेंदूदानाबद्दल विचारा, आणि उत्तर घरच्यांच्या कानावर आजच घाला.