पहिला नंबर असताना टेनिस सोडणारी ॲश बार्टी

आजच्या भागात एकच प्रश्न घेऊ. सगळं मस्त चाललेलं असताना एखादा खेळाडू अचानक थांबतो, तेव्हा नेमकं काय झालेलं असतं?

२३ मार्च २०२२. ऑस्ट्रेलियाच्या ॲश बार्टीने इन्स्टाग्रामवर व्हिडिओ टाकला आणि सांगितलं, मी टेनिस सोडतेय. वय फक्त २५. जगात पहिला नंबर, तोही सलग ११४ आठवडे. दोनच महिन्यांपूर्वी तिने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली होती. घरच्या खेळाडूने तिथे एकेरीचं विजेतेपद मिळवलं होतं ते तब्बल ४४ वर्षांनी! खरं सांगतो, मी पहिल्यांदा हेच म्हणालो, ‘डोकं फिरलंय का हिचं?’

मग जरा खोलात शिरलो. आधी रँकिंग कसं चालतं ते बघा. स्पर्धेत मिळवलेले पॉइंट साधारण ५२ आठवडे टिकतात, मग ते निघून जातात. म्हणजे गेल्या वर्षीचे पॉइंट निघून गेले की तितकेच पुन्हा कुठेतरी मिळवलेत, तरच तुमची बेरीज टिकणार. ट्रेडमिलवर धावण्यासारखंच हे. पाय थांबले की तुम्ही मागे.

त्यात २०२१ साली कोविडचे नियम. बार्टी मार्चमध्ये ऑस्ट्रेलियातून निघाली ती यूएस ओपन संपल्यावरच घरी परतली. जवळपास सहा महिने बॅगेतलं आयुष्य! मध्येच फ्रेंच ओपनमध्ये कंबरेच्या सांध्याला दुखापत झाली आणि दुसऱ्या फेरीतला सामना अर्धवट सोडावा लागला. पाचच आठवड्यांनी तिने विम्बल्डन जिंकलं. दुखापत किती गंभीर आहे, हे तिच्या टीमने तिला तोवर पूर्ण सांगितलंच नव्हतं.

आता मुद्दा असा, की विम्बल्डन हे तिचं लहानपणापासूनचं स्वप्न होतं. ते पूर्ण झाल्यावर आतून काहीतरी बदललं, असं तिनेच सांगितलं. हात तेच, फटके तेच. पण रोज पहाटे उठून शरीराला पुन्हा पिळून काढायची इच्छा संपली होती. आपण टीव्हीवर फायनल बघतो. त्यामागचे शेकडो कंटाळवाणे दिवस आपल्याला दिसत नाहीत. खेळाडू थांबतो तो बऱ्याचदा त्या दिवसांना कंटाळून.

आणि हो, ती आधीही एकदा थांबली होती! २०१४ साली, अवघ्या १८व्या वर्षी. मग ब्रिस्बेन हीटकडून चक्क क्रिकेट खेळली आणि २०१६ला टेनिसमध्ये परतली. टेनिसशिवायही आपण कुणीतरी आहोत, हे तिला माहीत होतं. मला वाटतं, दुसऱ्यांदा सोडताना हेच कामी आलं.

प्रत्येकाला असा निरोप मिळत नाही. अमेरिकन फुटबॉलमधला अँड्र्यू लक घ्या. बरगड्या, मूत्रपिंड, खांदा, सगळीकडे दुखापती. २०१७चा अख्खा सीझन गेला. दुखापत, वेदना, उपचार, पुन्हा दुखापत. ऑगस्ट २०१९मध्ये, २९व्या वर्षी त्याने थांबायचं ठरवलं. बातमी सराव सामना चालू असतानाच फुटली आणि मैदानाबाहेर जाताना त्याच्याच शहरातल्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. ज्यांच्यासाठी शरीर झिजवलं, त्यांनीच!

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बार्टीने दोन कोटी डॉलरहून जास्त बक्षिसं कमावली होती, म्हणून ती थांबू शकली. खालच्या रँकिंगचा खेळाडू थकला तरी पुढच्या महिन्याच्या खर्चासाठी खेळत राहतो. त्याची बातमी कधीच होत नाही. त्यामुळे ‘मनाचं ऐका आणि सोडून द्या’ असा सोपा सल्ला मी काही देणार नाही.

पण एवढं नक्की म्हणेन. आपल्याकडे क्रिकेटच्या गप्पांत नेहमी म्हणतात, लोक ‘का सोडलंस?’ विचारतात तेव्हाच सोडावं. वाक्य छान आहे, पण त्यातही शेवटी लोकच आले. बार्टीने लोक काय विचारतील याची वाट बघितली नाही. तिने स्वतःला विचारलं, ‘माझ्यात अजून काही शिल्लक आहे का?’

तुमच्या ओळखीतलं कुणी ‘बास, आता थकलो’ म्हणालं, तर लगेच ‘वेडा आहेस का?’ म्हणू नका. आधी ऐकून घ्या. मीही तेच शिकतोय. भेटू पुढच्या भागात!